चौकी हवी की अभ्यासिका? मिनियापोलिसमध्ये जे झालं, ते आपल्या मोहल्ल्यातही होतंय

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत नववी-दहावीची पालकसभा होती. विषय हजेरीचा होता, पण दहा मिनिटांत बोलणं नशेवर गेलं. कोपऱ्यावर कोण बसतं, गोळ्या कोण विकतं, खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या कुठे पडलेल्या असतात, हे सगळं मुलांच्या अम्मींना पोलिसांपेक्षा जास्त माहीत असतं. शेवटी मागच्या बाकावरची एक बाई उभी राहून म्हणाली, "मैडम, हमारी गली में चौकी बनवा दीजिए, बस." तिच्या शेजारची लगेच म्हणाली, "चौकी? पिछले साल मेरे लड़के को बेवजह रात भर बिठाया था. मुझे नहीं चाहिए चौकी."

दोघी एकाच गल्लीत राहतात. दोघींची मुलं माझ्याच वर्गात आहेत. आणि दोघीही बरोबर बोलत होत्या, ही खरी अडचण आहे.

हाच वाद पाच-सहा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका अख्ख्या शहराने घातला. आपल्याकडे त्याच्या बातम्या "पोलिसच नकोत म्हणणारे लोक" अशा थाटात आल्या आणि विरून गेल्या. पण त्या शहरात पुढे काय झालं, ते आपण नीट पाहिलं पाहिजे. एक तर त्या गोष्टीत सुरुवातीपासून मुसलमान माणसं आहेत. दुसरं म्हणजे वस्तीच्या नावाने येणारा पैसा नेमका कुठे जावा, हा प्रश्न आपल्यापुढेही आहे.

वीस डॉलरच्या नोटेचा फोन

२५ मे २०२०. मिनियापोलिस शहरातल्या एका किराणा दुकानातून पोलिसांना फोन गेला. गिऱ्हाईकाने सिगारेट घेऊन दिलेली वीस डॉलरची नोट खोटी वाटते, एवढीच तक्रार. दुकान पॅलेस्टिनी वंशाच्या एका मुस्लिम कुटुंबाचं. गिऱ्हाईकाचं नाव जॉर्ज फ्लॉइड. पोलीस आले, त्याला जमिनीवर पालथं पाडलं आणि डेरेक शॉविन नावाचा पोलीस त्याच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून बसला. फ्लॉइड मेला.

दुकानदाराचा यात हेतू वाईट नव्हता. खोटी नोट आली की पोलिसांना कळवायचं, हा तिथला रिवाज. नंतर त्यांनी जाहीर केलं की अशा किरकोळ बाबतीत आपण आता पोलिसांना बोलावणार नाही. मला वाटतं, पुढच्या सगळ्या चळवळीचा गाभा या एका वाक्यात होता. लोकांना पोलिसांशिवाय जगायचं नव्हतं. वीस डॉलरच्या नोटेसाठी बंदूकधारी माणूस कशाला, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पण रागाच्या दिवसांत घोषणा नेहमी मोठी होते. ७ जूनला नगर परिषदेच्या १३ पैकी ९ सदस्यांनी एका बागेत जाहीर सभेत शपथ घेतली की आम्ही हे पोलीस खातं मोडीत काढू. त्याच्या जागी काय आणणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. वर्षअखेरीस बजेट आलं, तेव्हा पोलिसांचे सुमारे १७ कोटी ९० लाख डॉलर होते आणि त्यातून साधारण ८० लाख डॉलर हिंसा रोखण्याच्या आणि मानसिक आरोग्याच्या कामाकडे वळवले गेले. म्हणजे शंभरातले साडेचार. जगभर बोंब झाली की मिनियापोलिसने पोलिसांचा पैसा काढून घेतला. प्रत्यक्षात गेली ती एवढीच रक्कम.

मग नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान झालं. पोलीस खात्याऐवजी 'सार्वजनिक सुरक्षा विभाग' आणावा का, असा थेट प्रश्न मतदारांना विचारला गेला. 'हो' म्हणा असं सांगणाऱ्यांत काँग्रेस सदस्य इल्हान उमर होत्या आणि राज्याचे ॲटर्नी जनरल कीथ एलिसन होते. एलिसन म्हणजे अमेरिकन संसदेत निवडून गेलेले पहिले मुसलमान. शॉविनवरचा खटला त्यांच्याच देखरेखीखाली चालला आणि त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. एवढ्या वजनाची माणसं बाजूने असूनही प्रस्ताव पडला. सुमारे ५६ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं.

आणि हे 'नाही' फक्त श्रीमंत गोऱ्या वस्त्यांतून आलं नव्हतं. शहराच्या उत्तर भागात काळ्या लोकांची गरीब वस्ती आहे, तिथल्या वॉर्डांतही प्रस्ताव हरला. तिथल्या काही रहिवाशांनी तर पुरेसे पोलीस नेमा म्हणून शहरावर खटला भरला होता. कारण मधल्या काळात पोलीस आपणहून कमी झाले होते. नव्वदीच्या घरातली... चुकले, नऊशेच्या घरातली संख्या सहाशेच्या आसपास आली. कोणी नोकरी सोडली, कोणी वैद्यकीय रजेवर गेलं. २०१९ च्या तुलनेत २०२१ मध्ये शहरात खून जवळपास दुप्पट झाले. खून अमेरिकेत सगळीकडेच वाढले होते, त्यामुळे सगळा दोष एका घोषणेवर टाकणं अन्याय होईल. पण ज्या आईच्या खिडकीखाली गोळ्या चालतात, तिला हे आकडेशास्त्र सांगून काय उपयोग? आमच्या मागच्या बाकावरच्या बाईसारखीच ती म्हणणार, आधी कोणाला तरी पाठवा.

पोलिसांऐवजी मानसिक आरोग्याचे जाणकार पाठवणारी पथकं मिनियापोलिसमध्ये सुरू झाली डिसेंबर २०२१ मध्ये. म्हणजे मतदान हरल्यावर एका महिन्याने आणि फ्लॉइडच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने. ही पथकं जर मतदानाच्या आधी वर्षभर रस्त्यावर दिसली असती, लोकांनी एकदा तरी त्यांना फोन करून पाहिला असता, तर निकाल असाच लागला असता का? मला शंका आहे. लोकांना जुनं घर पाडा म्हणून सांगितलं, आणि नवं कुठे आहे विचारलं तर बोट नकाशाकडे दाखवलं.

आपला माणूस पोलिसात असला म्हणजे झालं?

आपल्याकडे या विषयावर एक ठरलेलं उत्तर असतं : पोलिसात आपली मुलं भरती करा, सगळं ठीक होईल. भरती व्हायलाच पाहिजे, मी माझ्या मुलांना मैदानावर पळायला पाठवते. पण एवढ्यावर भागत नाही, हेही मिनियापोलिसनेच दाखवलं. तिथे सोमाली मुसलमानांची मोठी वस्ती आहे. मोहम्मद नूर हा त्यांच्यातून पोलिसात गेलेला तरुण, बिरादरीला त्याचा अभिमान होता. जुलै २०१७ मध्ये एका गोऱ्या ऑस्ट्रेलियन बाईने घरामागे कोणावर तरी अत्याचार होतोय असं वाटून पोलिसांना फोन केला. नूर गाडीत बसला होता, ती बाई अंधारात गाडीजवळ आली, तो दचकला आणि त्याने गोळी झाडली. मदत मागणारीच मेली. नूर तुरुंगात गेला, शहराने तिच्या कुटुंबाला २ कोटी डॉलर दिले. पुढे फ्लॉइडच्या कुटुंबाला २ कोटी ७० लाख.

हे ४ कोटी ७० लाख डॉलर आणि वर सांगितलेले वळवलेले ८० लाख शेजारी ठेवून बघा. पोलिसांवरचा खर्च म्हणजे फक्त पगार आणि गाड्या नसतात, चुकीचा माणूस चुकीच्या जागी पाठवल्याची किंमतही असते आणि ती जनतेच्याच तिजोरीतून जाते.

मग योग्य माणूस कसा पाठवायचा? ओरेगन राज्यातल्या युजीन शहराने ते १९८९ पासून करून दाखवलं. दवाखान्याची एक व्हॅन, तिच्यात एक प्राथमिक उपचार जाणणारा आणि एक संकटात बोलणारा समुपदेशक. शस्त्र नाही, गणवेश नाही. दारू पिऊन रस्त्यावर पडलेला, जीव द्यायला निघालेला, घरात आरडाओरडा करणारा मनोरुग्ण, अशा फोनवर ही व्हॅन जायची. शहराला वर्षाला साधारण २० लाख डॉलर खर्च. ३० वर्षांहून जास्त काळ चाललं, जगभर त्याचं कौतुक झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये पैशाअभावी त्या शहरातली सेवा बंद पडली. पोलीस खात्याला दरवर्षी आपोआप बजेट मिळतं. व्हॅनला दरवर्षी करारासाठी हात पसरावा लागतो. कौतुकावर गाडी चालत नाही.

डेन्व्हरने जास्त शहाणपणा केला. तिथे २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून विक्रीकरात थोडी वाढ मान्य केली, फक्त मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीसाठी. त्या पैशातून जून २०२० मध्ये तशीच व्हॅन सुरू झाली. पोलिसांचा पैसा न काढता, पोलिसांच्याच मदतीने. पुढे स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी तपासलं तेव्हा ज्या भागात व्हॅन फिरली तिथे किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी कमी झालेल्या आढळल्या.

टेक्सासमधल्या ऑस्टिनची गोष्ट उलटी. २०२० मध्ये नगर परिषदेने पोलिसांच्या बजेटला मोठी कात्री लावली, पण राज्य सरकार दुसऱ्या पक्षाचं. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला की पोलिसांचं बजेट कापणाऱ्या मोठ्या शहरांना दंड. ऑस्टिनने निमूट पैसे परत दिले.

आता एक कडू गोष्ट. ती टाळून लिहिलं तर बेईमानी होईल. मिनियापोलिस ज्या राज्यात आहे त्याच मिनेसोटात, कोविडच्या काळात गरीब मुलांच्या जेवणासाठी केंद्राकडून आलेल्या पैशातून सुमारे २५ कोटी डॉलर लुबाडल्याचा खटला २०२२ मध्ये उभा राहिला. संस्थेची प्रमुख गोरी बाई होती, ती दोषी ठरली. पण आरोपींत सोमाली वंशाचे लोक बरेच होते. कागदावर हजारो मुलं जेवत होती, प्रत्यक्षात नव्हती. या प्रकरणाने 'पैसा समाजाच्या संस्थांना द्या' म्हणणाऱ्यांचं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्या पोलीस युनियनला जमलं नसतं. आणि मार पडला तो प्रामाणिकपणे काम करणाऱ्या सोमाली खाला आणि भाईजान लोकांना. आपल्याकडच्या संस्थांचे हिशेब किती जणांनी पाहिलेत, हे ज्याने त्याने मनात विचारावं.

भिवंडीने हे स्वस्तात केलं होतं

एवढ्या लांब जायची खरं तर गरज नव्हती. माझी खाला भिवंडीत राहते. १९७० आणि १९८४, दोन्ही दंगली त्या शहराने भोगल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. कमिटीत दोन्ही समाजांची साधी माणसं : यंत्रमाग कामगार, दुकानदार, रिक्षावाले, बायकासुद्धा. पुढारी मुद्दाम बाजूला. आणि बैठका चालवायला साहेब नाही, तर त्या भागाचा नेहमीचा पोलीस. बैठकीत बोलणं दंगलीवर नसायचं. नळाचं पाणी, कचरा, कोणाचा माग रात्री वाजतो, कोणाच्या मुलाने कोणाच्या मुलीला काय म्हटलं. खाला सांगते की हवालदाराला गल्लीतल्या मुलांची नावं पाठ होती, आणि मुलांनाही माहीत होतं की त्याला आपली नावं पाठ आहेत.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. मुंबईला लागून असलेली, आधी दोनदा जळालेली भिवंडी मात्र शांत राहिली. यासाठी किती पैसा वळवला? जवळजवळ काहीच नाही. पोलीस तेच, पगार तेच. फक्त त्यांचा वेळ वळवला. लाठी घेऊन उभं राहण्याचा वेळ बसून बोलण्याकडे.

मग साहेबांची बदली झाली. कमिट्या हळूहळू कागदावर उरल्या. ५ जुलै २००६ ला त्याच भिवंडीत नव्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून आंदोलन पेटलं, कारण ती जागा कब्रस्तानची आहे असं लोकांचं म्हणणं होतं. पोलिसांच्या गोळीबारात दोन जण गेले, नंतर जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. ज्या शहरात पोलीस आणि मोहल्ला एका चटईवर बसत होते, तिथे पोलिसांच्याच इमारतीवरून चार जीव गेले. त्या वर्षी माझी नोकरी नवीन होती. खालाला फोन केला तर ती एवढंच म्हणाली, "अब वो बैठते नहीं ना हमारे साथ."

आज प्रत्येक पोलीस ठाण्याला शांतता समिती असते. सणाच्या आधी बैठक, पांढरे कपडे, चहा, फोटो, मोबाईलवर स्टेटस. तेच आठ-दहा चेहरे. ज्या बाईच्या मुलाला रात्रभर बसवलं होतं, तिला त्या बैठकीचं आमंत्रण कधी गेलं असेल?

त्याच २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात लोकांचं एक म्हणणं नोंदवलेलं आहे : मुस्लिम वस्त्यांत शाळा, सरकारी दवाखाने आणि बँकांपेक्षा पोलीस जास्त दिसतात. मला हे वाक्य पुराव्यासाठी वाचायची गरज पडत नाही, शाळेच्या खिडकीतून दिसतं. आमच्या शाळेसमोर चौकात तीन कॅमेरे आहेत. पाचशे मुलांच्या शाळेला समुपदेशक एकही नाही.

पैसा आपल्या हातात कुठे आहे?

अमेरिकेत पोलीस शहराचे असतात, म्हणून नगर परिषद पैसा इकडून तिकडे करू शकते. आपल्याकडे पोलीस राज्याच्या गृह खात्याचे. त्यामुळे "पोलिसांचं बजेट कापा" ही घोषणा महापालिकेसमोर देण्यात अर्थ नाही, आणि माझ्या मते देऊही नये. आपल्या ठाण्यात हवालदार आधीच कमी आहेत, बंदोबस्तातच त्यांचा जीव जातो. साध्या तक्रारीसाठी तीन चकरा मारणारा गरीबच असतो.

पण एक पैसा आपल्या आवाक्यातला आहे. जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि आमदार निधी. पोलिसांच्या गाड्या, सीसीटीव्ही, चौक्यांची बांधकामं यांतला बराच खर्च हल्ली याच पिशवीतून होतो. आणि याच पिशवीतून अभ्यासिका, व्यायामशाळा, वाचनालयही होऊ शकतं. तेव्हा 'चौकी की अभ्यासिका' हा प्रश्न आपल्याकडे खरोखर विचारता येतो. त्याचा अर्ज असतो, ठराव असतो, मंजुरीची यादी असते.

यात एक मेख आहे. आमदार निधी सर्वसाधारणपणे टिकाऊ कामांसाठी असतो : भिंत, छप्पर, खांब, कॅमेरा. माणसाच्या पगारासाठी नाही. म्हणून अभ्यासिका बांधली जाते आणि वर्षभरात तिला कुलूप लागतं, कारण ती उघडणारा, मुलांशी बोलणारा माणूस नसतो. माणसासाठी दुसरीकडे बघावं लागतं. महापालिकेचा महिला व बालकल्याणाचा निधी असतो, आरोग्य विभाग असतो. त्यातून शिलाई मशीन वाटणं सोपं, समुपदेशक नेमणं अवघड, कारण समुपदेशकाचं वाटप करतानाचा फोटो निघत नाही.

पोलीस ठाण्यात समाजकार्यकर्ता बसवणं महाराष्ट्राला नवीन नाही, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. नवऱ्याने मारलेली बाई ठाण्यात आली की तिच्याशी आधी प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बोलते. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने हे काम आपल्याकडे घेतलं आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. युजीनच्या व्हॅनच्याही पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

जे बायकांच्या छळासाठी झालं, ते नशा आणि मानसिक आजारासाठी अजून नाही. मी आधी दुसऱ्या गावातल्या शाळेत होते. तिथल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ मनोरुग्ण. एका रात्री तो गच्चीवर चढून ओरडायला लागला. अम्मीने ११२ लावला. पोलीस आले, खरं सांगायचं तर सभ्यपणे वागले, पण काय करायचं ते त्यांनाही सुचेना. त्याला ठाण्यावर नेलं, सकाळपर्यंत बाकावर बसवलं, मग दवाखान्यात पोहोचवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर अशा माणसाला सांभाळून २४ तासांत दवाखान्यात नेण्याची जबाबदारी टाकलेली आहे, त्यामुळे त्यांनी कायदा मोडला नाही. पण गल्लीने काय पाहिलं? त्या पोराला पोलिसांनी जीपमध्ये घातलं. पुढच्या वर्षी त्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं.

अशा घरांसाठी १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फोनवर समुपदेशक बोलतो, पैसे लागत नाहीत. तो फळ्यावर लिहून ठेवा. पण फोनवरचा आवाज गच्चीवर चढत नाही.

पालकसभेनंतर त्या दोघी शेजारणी माझ्याबरोबर स्टाफरूममध्ये बसल्या. दोन तास लागले. चौकी मागणारी म्हणाली, मला रात्री कोणीतरी येणारं हवंय. नको म्हणणारी म्हणाली, येणाऱ्याला माझा मुलगा कोण आहे ते माहीत हवं. मग आम्ही अर्ज लिहिला, मराठीत, कारण कार्यालयात उर्दू कोणी वाचत नाही. त्यात तीन मागण्या आहेत. चौकासाठी मंजूर होणाऱ्या नव्या कॅमेऱ्यांऐवजी शाळेमागच्या बंद पडलेल्या खोलीत रात्री दहापर्यंत चालणारी अभ्यासिका. महापालिकेकडून आठवड्यातून तीन दिवस एक व्यसनमुक्ती समुपदेशक, त्याच्या हजेरीची नोंद पालकांसमोर. आणि आमच्या बीटचा एकच हवालदार निदान दोन वर्षं, महिन्यातून एकदा पालकांबरोबर बैठकीला बसणारा.

छत्तीस सह्या झाल्या, त्यांतले अकरा अंगठे. आमदारांच्या कार्यालयात सांगितलं की कॅमेऱ्यांचं काम आधीच यादीत आहे, आता बदल अवघड. अर्जाची पोहोच मात्र आम्ही शिक्क्यासह घेतली आहे. हवालदाराच्या मागणीला पैसाच लागत नाही, म्हणून तो अर्ज वेगळा काढून पुढच्या सोमवारी त्या दोघी पोलीस ठाण्यात देणार आहेत. दोघी एकत्र.